ठिणगीची वेळ

या व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य, अर्थकारण अशा विषयांवर विद्वान मंडळी बोलत आली आहेत. त्यांच्या पंक्तीला बसून कामगार चळवळीतल्या एका अल्पशिक्षित माणसाने मोटारीच्या इंजिनातील ठिणगीविषयी बोलावे, याचे पुष्कळांना नवल वाटेल. म्हणून हा विषय मला का महत्त्वाचा वाटतो, ते आधी सांगतो.

गोष्ट 1997 सालची आहे. मुंबईत टॅक्सीचालकांच्या संघटनेचे काम मी तेव्हा नुकतेच करू लागलो होतो. साताऱ्याकडचे एक वयस्कर चालक, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू, एके संध्याकाळी कचेरीत येऊन गप्प बसून राहिले. पुष्कळ विचारल्यावर म्हणाले, "भाऊ, तीस वर्षं स्टिअरिंग धरलंय. आज शेठनं मला चोर म्हटलं."

त्यांच्या गाडीची व्यवस्था अशी होती की पेट्रोल मालकाचे आणि मीटरच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा चालकाचा. गाडी रोज सुमारे 120 किलोमीटर चाले. पूर्वी लिटरला 12 किलोमीटर जाणारी ती गाडी दोन महिन्यांत 10 वर आली होती. म्हणजे जिथे रोज 10 लिटर लागत, तिथे 12 लागू लागले. ही वरची दोन लिटरे अण्णा रोज काढून विकतात, असा मालकांचा आरोप होता. त्यांनी अण्णांच्या वाट्यातून पैसे कापायलाही सुरुवात केली होती.

मालकांचा हिशेब बरोबर होता. चुकीचा होता तो त्या हिशेबावरून काढलेला निष्कर्ष. ही दोन लिटरे कोठे गेली हे शोधायचे, तर आधी इंजिनात ठिणगी केव्हा पडते आणि केव्हा पडायला हवी, हे समजून घ्यावे लागते.

पेट्रोलच्या इंजिनात सिलिंडर असतो आणि त्यात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खालीवर होतो. पिस्टनच्या चार फेऱ्यांत एक काम पुरे होते. पहिल्या फेरीत हवा व पेट्रोलचे मिश्रण आत ओढले जाते, दुसरीत ते दाबले जाते, तिसरीत पेटून पिस्टनला खाली ढकलते आणि चौथीत धूर बाहेर जातो. दाबलेले मिश्रण पेटवण्याचे काम प्लगच्या ठिणगीचे. आता कोणीही म्हणेल की पिस्टन अगदी वर पोहोचला की ठिणगी पाडावी. तथापि तसे केले तर उशीर होतो. मिश्रण बंदुकीच्या दारूसारखे एकदम उडत नाही. गवताच्या गंजीला एका कोपऱ्यातून आग लागून ती पसरत जावी, तसे ते जळत जाते. या जळण्याला साधारणपणे सेकंदाच्या पाचशेव्या भागाएवढा वेळ लागतो असे धरू.

एवढासा वेळ तो काय, असे वाटेल. म्हणून थोडे गणित करू. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. फेऱ्याचे 360 अंश धरले तर मिश्रण जळेपर्यंत इंजिन 36 अंश फिरून गेलेले असते. तेच इंजिन उभ्या गाडीत 800 फेऱ्यांवर संथ चालत असेल, तर तेवढ्याच वेळात ते 10 अंशांहून कमी फिरते. जळणाऱ्या वायूचा जोर पिस्टनने वरची हद्द ओलांडल्यावर लगेचच, सुमारे 15 अंशांच्या आसपास, सर्वांत जास्त असावा म्हणजे त्याचे पुरेपूर काम पदरात पडते. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, ठिणगी पिस्टन वर पोहोचण्यापूर्वीच पडली पाहिजे. दोन, इंजिन जसे वेगाने फिरेल तशी ती आणखी आधी पडली पाहिजे. प्रत्यक्षात वेग वाढला की मिश्रण घुसळले जाऊन ज्वालाही जलद पसरते, त्यामुळे आपल्या हिशेबाएवढा फरक लागत नाही. परंतु फरक लागतो, हे निश्चित.

अगदी आरंभीच्या मोटारींत ही वेळ चालकालाच हाताने बदलावी लागे. 1908 ते 1927 पर्यंत निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला त्यासाठी एक दांडी होती. हँडल मारून गाडी सुरू करताना ती दांडी ठिणगी उशिरा पडेल अशी ठेवायची. कोणी विसरला, तर पिस्टन वर पोहोचण्यापूर्वीच स्फोट होऊन तो उलटा फिरे, हँडल उसळून मागे येई आणि माणसाचे मनगट मोडे. हा अपघात इतका नित्याचा होता की मनगटापाशी अंगठ्याच्या बाजूचे हाड मोडण्याच्या एका प्रकाराला डॉक्टरी भाषेत आजही शोफरचे फ्रॅक्चर म्हणतात. चूक ठिणगीच्या वेळेची, हाड चालकाचे आणि दुखण्याला नावही चालकाचेच. आमच्या कामगार चळवळीत हा प्रकार ओळखीचा आहे. पुढे 1912 च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर आला आणि हँडलची सक्ती हळूहळू संपली.

आपल्याकडे पुष्कळ वर्षे चाललेल्या जुन्या गाड्या म्हणजे फियाट आणि अॅम्बॅसडर. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट पुढे पद्मिनी या नावाने ओळखली गेली आणि काळ्यापिवळ्या रंगात मुंबईची खूणच होऊन बसली. 2023 च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आजच्या गाड्यांत ठिणगीची वेळ संगणक ठरवतो. परंतु हौसेने राखलेल्या जुन्या गाड्या अजूनही गॅरेजांत येतात आणि त्यांचे डिस्ट्रिब्यूटर अजूनही उघडावे लागतात. आमचे जुने मिस्त्री त्याला डेल्को म्हणत.

या डिस्ट्रिब्यूटरच्या आत इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरणारा एक दांडा असतो. त्यावर चार कोपऱ्यांचा कॅम असतो आणि शेजारी सी. बी. पॉइंट. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून बॅटरीचा प्रवाह वाहतो. कॅमचा कोपरा पॉइंटला उचलतो, प्रवाह तुटतो आणि त्याच क्षणी कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. म्हणजे पॉइंट उघडण्याचा क्षण तोच ठिणगीचा क्षण. वर फिरणारा रोटर ती वीज एकेका प्लगकडे पाठवतो. फियाटमध्ये हा क्रम 1, 3, 4, 2 असा आहे. पॉइंटच्या खाली दोन लहान वजने स्प्रिंगने बांधलेली असतात. वेग वाढला की गोफणीतल्या दगडाप्रमाणे ती बाहेर ओढली जातात आणि कॅमला थोडे पुढे सरकवतात, त्यामुळे ठिणगी लवकर पडते. मॉडेल टीच्या चालकाचा हात जे करी, ते ही वजने करतात. काही गाड्यांत याच कामासाठी कार्ब्युरेटरच्या ओढीवर चालणारी व्हॅक्यूमची डबीही असते.

आता वेळ चुकली तर काय होते ते पाहू. ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन ओरडून सांगते. चढावर, वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबताच डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो, त्याला नॉकिंग म्हणतात. सुरू करताना, विशेषतः गरम असताना, स्टार्टर अडखळतो किंवा इंजिन उलटा झटका देते. असेच चालवत राहिले तर पिस्टनलाही इजा होते. ठिणगी उशिरा पडली तर मात्र इंजिन ओरडत नाही. पिकअप मरतो, पाणी तापते, सायलेन्सरमध्ये अधूनमधून फटका वाजतो आणि अॅव्हरेज पडते. उशिरा पेटलेले मिश्रण पिस्टनला ढकलण्याऐवजी आपली उष्णता सायलेन्सरच्या वाटेने बाहेर टाकते. पेट्रोल पुरेपूर जळते, पण त्याचे काम पदरात पडत नाही. ओरडणारा दोष लवकर दुरुस्त होतो. मुकाट्याने खाणारा दोष वर्षानुवर्षे खात राहतो आणि त्याचा ठपका दुसऱ्याच कोणावर तरी येतो.

अण्णांची गाडी आम्ही ज्या वृद्ध मिस्त्रींकडे नेली, त्यांना सारे चाचा म्हणत. आधीच्या एका गॅरेजात पिकअप नाही म्हणून कोणीतरी डिस्ट्रिब्यूटर हाताने फिरवून ठिणगी लवकर केली होती. मग गाडी सुरू होताना झटके देऊ लागली, म्हणून दुसऱ्या गॅरेजात तो पुन्हा मागे फिरवला गेला. दोन्हीकडे पैसे पडले, दोष होता तिथेच राहिला. मीही उतावळेपणाने म्हणालो, "चाचा, टायमिंग बघा." ते म्हणाले, "टायमिंग शेवटी. आधी बाकीच्यांच्या साक्षी काढू." त्यांनी त्या दिवशी जो क्रम दाखवला, तोच मी पुढे देतो.

पहिली साक्ष चालकाची. दोष केव्हा दिसतो? थंड असताना की गरम असताना, चढावर की उभ्या गाडीत? कोणत्या दुरुस्तीनंतर सुरू झाला? दुसरी साक्ष बाकीच्या गाडीची. चाके मोकळी फिरतात की ब्रेक धरून राहिले आहेत, क्लच घसरतो का, पेट्रोल कोठे गळते का, एअर फिल्टर बुजला आहे का, रेडिएटरमध्ये पाणी आहे का, हे पाहावे. अॅव्हरेज पडण्याची यांतली अनेक कारणे ठिणगीशी संबंध नसलेली आहेत. तिसरी साक्ष प्लगची. टोकाचा रंग बिस्किटासारखा असेल तर ठीक; काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे; पांढरेफटक असेल तर ते कमी जाते आहे किंवा प्लग फार तापतो आहे.

मग डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढावे. झाकणाला तडा, रोटर जळलेला, तारा सैल किंवा चुकीच्या क्रमाने बसवलेल्या, हे दोष टायमिंगसारखेच भासतात. पॉइंट करपून खड्डे पडले असतील तर कंडेन्सर संशयित धरावा. पॉइंट साफ करून किंवा नवे घालून, कॅमच्या कोपऱ्यावर पॉइंट पूर्ण उघडलेले असताना त्यांच्यामधली फट फिलर गेजने मोजावी. ती गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. अशा गाड्यांत सहसा 0.4 मिलिमीटरच्या आसपास. येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी लवकर पडते. कॅमवर घासून पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडते. म्हणून आधी फट आणि मग टायमिंग; उलट क्रमाने केले तर दुसरे काम पहिले बिघडवते. दांडा हाताने आडवा हलवून पाहावा. बुश झिजून तो डुलत असेल तर प्रत्येक ठिणगीची वेळ निराळी पडेल आणि कितीही जुळवले तरी टिकणार नाही.

यानंतर टायमिंग. गाडी सपाटीवर, न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढून ठेवावी. रेडिएटरच्या बाजूचा पहिला प्लग काढून भोकावर मदतनिसाने अंगठा धरावा आणि स्विच बंद ठेवून इंजिन हँडलने हळू फिरवावे. हँडलची सोय नसेल तर हँडब्रेक सोडून, वरच्या गिअरमध्ये गाडी सावकाश ढकलावी. अंगठा आतून ढकलला जाऊ लागला की पहिला पिस्टन दाबाच्या फेरीत वर येत आहे असे समजावे. अंगठ्याची ही खात्री अवश्य करावी, कारण पहिला आणि चौथा पिस्टन एकाच वेळी वर येतात. खूण दोनदा जुळते, त्यांतली एकच खरी असते. पुस्तकात सांगितलेल्या अंशावर खूण आणून थांबावे. रोटर पहिल्या प्लगच्या तारेकडे पाहत असला पाहिजे.

आता एक लहान दिवा घ्यावा. त्याची एक तार कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडे जाणाऱ्या टोकाला आणि दुसरी गाडीच्या लोखंडाला लावून स्विच चालू करावा. पॉइंट मिटलेले असेपर्यंत दिवा विझलेला राहतो, उघडताच लागतो. डिस्ट्रिब्यूटरचा पकडबोल्ट थोडा सैल करून तो आधी रोटरच्या दिशेने फिरवावा म्हणजे दिवा विझेल. मग उलट दिशेने अगदी सावकाश फिरवत, दिवा लागेल त्या क्षणी थांबून बोल्ट आवळावा. स्विच बंद करून इंजिन पूर्ण दोन फेरे फिरवावे, पुन्हा चालू करून दिवा नेमक्या खुणेवर लागतो का ते पाहावे, आणि काम झाल्यावर स्विच बंद करावा. तो चालू राहिला तर कॉइल तापते.

इतके करून पुष्कळ मिस्त्री थांबतात. परंतु ही झाली उभ्या इंजिनाची वेळ. चाचांनी पुढची चाचणी केली, ती अगदी दोन बोटांची. त्यांनी रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेने हलकेच पिळला. तो थोडा सरकून, सोडताच स्प्रिंगने परत यायला हवा. अण्णांच्या गाडीतला रोटर हललाच नाही. चाचा म्हणाले, "घ्या. तुमची दोन लिटरं इथं आहेत."

त्यांनी पॉइंटची पाटी उचलली. तेल न मिळाल्यामुळे दोन्ही वजने गंजून आपल्या खुंट्यांवर जाम झाली होती. इंजिन 800 फेऱ्यांवर असो की 3000 फेऱ्यांवर, ठिणगी एकाच जागी पडत होती. उभ्या गाडीत सारे ठीक दिसे, वेग घेतला की ठिणगीला उशीर होई. अंगात जोर नाही म्हणून अण्णा अॅक्सिलरेटर अधिक दाबत आणि पेट्रोल अधिक जाई. पहिल्या गॅरेजाने डिस्ट्रिब्यूटर फिरवला तेव्हा वेगातला उशीर भरून निघाला, पण सुरू करताना झटके बसू लागले. दुसऱ्याने झटके घालवले आणि उशीर परत आणला. दोघांनीही दोषाची जागा न शोधता त्याचा आवाज तेवढा इकडून तिकडे हलवला.

आता टायमिंग लाइट सहज मिळते. पहिल्या प्लगच्या तारेला लावले की प्रत्येक ठिणगीबरोबर ते चमकते आणि फिरत्या पुलीवरची खूण स्थिर दिसते. व्हॅक्यूमची डबी असल्यास तिची नळी काढून तोंड बंद करावे. मग वेग वाढवताना खूण सावकाश पुढे सरकली पाहिजे आणि वेग उतरताच परत आली पाहिजे. ती जागची हलली नाही तर वजने जाम आहेत, नाचू लागली तर दांडा किंवा टायमिंग चेन सैल आहे. हे करताना पदर, मफलर, सैल बाही पंख्यापासून दूर ठेवावी आणि बंद गॅरेजात इंजिन मुळीच चालवू नये. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू नाकाला कळत नाही आणि माणूस मरतो. हँडल मारणाऱ्याने अंगठा मुठीभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवावा. शोफरच्या फ्रॅक्चरने शिकवलेला हा धडा आहे.

जुन्या मिस्त्रींची आणखी एक रीत सांगतो आणि तिच्याविषयी सावध करतो. नॉकिंग ऐकू येईपर्यंत ठिणगी लवकर करायची आणि मग किंचित मागे घ्यायची, अशी ती रीत. जुन्या, कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर ती बऱ्यापैकी लागू पडे. परंतु 2000 साली देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले, पुढे ऑक्टेन वाढला आणि आता पेट्रोलमध्ये इथेनॉलही असते. इथेनॉल नॉकिंग दाबते. त्यामुळे ठिणगी योग्य वेळेच्या पुष्कळ आधी पडू लागली तरी कान गप्प बसतो. शिवाय कार्ब्युरेटरच्या गाडीत इथेनॉलने मिश्रण पातळ होऊन इंजिन नरम चालते, तो दोषही टायमिंगच्या माथी मारला जातो. म्हणून आज कानावर सर्वस्वी विसंबू नये. खूण, दिवा आणि पुस्तकातला आकडा यांना विचारावे.

चाचांनी वजने रॉकेलमध्ये धुतली, खुंट्या पॉलिश पेपरने साफ केल्या, तेलाचे दोन थेंब दिले आणि टायमिंग नव्याने लावले. नवा भाग एकही लागला नाही. त्यानंतर आठ दिवस अण्णांनी वहीत रोजचे किलोमीटर आणि लिटर लिहून ठेवले. गाडी पुन्हा 12 वर आली होती. ती वही, आधीच्या दोन्ही गॅरेजांची बिले आणि चाचांचे म्हणणे घेऊन आम्ही मालकांकडे गेलो. त्यांनी कापलेले पैसे परत दिले. अण्णा त्यांच्याकडे पुढे काम करायला मात्र तयार झाले नाहीत.

तेव्हापासून कोणत्याही कारखान्यात उत्पादन घटल्याचा ठपका कामगारांवर आला की मी प्रथम यंत्रापाशी जातो. कधी दोष यंत्रात निघतो, कधी कच्च्या मालात, कधी आमच्याच माणसात, आणि तो आमच्या माणसात निघाला तर तसे कबूल करावे लागते. परंतु शोधण्याचा क्रम बदलता येत नाही. घट झाली हे आकडा सांगतो. ती कोठे झाली हे आकडा सांगत नाही. त्यासाठी झाकण उघडावे लागते, आणि माणसाला चोर म्हणण्यापूर्वी ते उघडावे.